मधलं टेबल

एकच नाव काढायचं होतं. घाटकोपरच्या चंद्रप्रकाश काकांकडे येणारा सौरभ बोरिवलीला राहायला गेला, एवढ्या लांबून येणं त्याला झेपेना, म्हणून चेतनाने काकांच्या पानावरून त्याचं नाव काढलं, सेव्ह केलं, आणि लगेच अंधेरीच्या ऑफिसात ब्रेंडनचा फोन वाजला. "अरे, वाट लागली," चेतना म्हणाली. "सौरभला काढला तर बाकीच्यांच्या पुढचं पण गेलं सगळं. नावं आहेत, पुढे कोरं. गंधाली कोरी, मीरा कोरी, चैतन्य कोरा. काय करून ठेवलंय काय तुम्ही लोकांनी?" चेतना मुलुंडच्या एका संस्थेत कामाला होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सोबती मिळवून द्यायचे, हे त्या संस्थेचं काम, आणि कोण कोणाकडे जातं ते सांभाळणारा प्रोग्राम ब्रेंडनच्या ऑफिसने लिहिलेला. "बघतो," तो म्हणाला, "तू आता कशाला हात लावू नकोस." फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण खुर्चीतून उठून उभे राहिलोय. एवढ्याशा गोष्टीला? छे! असल्या भानगडी दर आठवड्याला होतात, आणि ब्रेंडन त्यांना घाबरणारा गडी नव्हता. धास्ती होती ती सकाळच्या पहिल्या फोनची. ती इतका वेळ कुठे दबा धरून बसली होती कोण जाणे, आता दुसऱ्या फोनवर बाहेर आली.

सकाळचा फोन ट्रिशाचा होता. ट्रिशा म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, क्लिफर्डची बायको. आता बायको म्हणायचं, विधवा म्हणायचं की काहीच म्हणायचं नाही, हे नाहूर गावात कोणालाच नीट ठरवता येत नव्हतं. क्लिफर्डला जाऊन तीन वर्षं होत आली होती. येत्या रविवारी ट्रिशाचं दुसरं लग्न होतं, एक्सर गावच्या नेल्सनशी. चांगला मुलगा. ब्रेंडन त्याला भेटला होता आणि त्याला तो आवडला होता, आणि आवडला म्हणून घरी येऊन स्वतःवरच चिडला होता. पत्रिका आली, मम्मीने ती वाचली, फ्रिजवर ठेवली आणि त्यावर एक अक्षर बोलली नाही. कॉन्सेप्टा, म्हणजे मम्मी, गप्प बसली की घरातली भांडीसुद्धा हळू वाजतात. आणि आज सकाळी ट्रिशा म्हणाली, "उद्या उंबराचं पाणी आहे. मम्मीला विचारशील? घागर तिने घ्यावी." लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीकडच्या बायका बँड लावून वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात, आणि त्या पाण्याने सकाळी नवरीला अंघोळ घालतात. पहिली घागर नवरीच्या आईच्या डोक्यावर. ट्रिशाची आई ती शाळेत असतानाच वारलेली. "तूच विचार ना," ब्रेंडन म्हणाला. "मला नाही होत रे. तिने नाही म्हटलं तर मी परत त्या घरात पाय कसा ठेवू? तू विचार. मला दुसरं कोणी नको." दर रविवारी चर्चात मिस्सा झाल्यावर ट्रिशा माहुलहून येत होती, म्हाताऱ्या बापाचं, बॅप्टिस्टचं जेवण झाकून ठेवून, पिशवीत मासे घेऊन. मम्मीचा सगळा आठवडा त्या दुपारकडे तोंड करून बसलेला असायचा. एक नाही, आणि ते सगळं संपणार. हे ट्रिशाला कळत होतं, ब्रेंडनला कळत होतं, आणि विचारायचं काम मात्र त्याच्या गळ्यात पडलं होतं.

त्याने काकांचं पान उघडलं. कामात डोकं घातलं की बरं वाटतं, आणि या प्रोग्राममध्ये डोकं घालायला त्याला नेहमीच आवडायचं, ते मधल्या टेबलामुळे. एका बाजूला ज्येष्ठांचं टेबल, म्हणजे त्यांच्या नावांचा तक्ता, दुसऱ्या बाजूला सोबत्यांचं. एका ज्येष्ठाकडे अनेक सोबती येणार आणि एक सोबती अनेक ज्येष्ठांकडे जाणार. आता गंधालीचं नाव काकांच्या ओळीत लिहिलं, तर मीराचं कुठे लिहिणार? आणि काकांना गंधालीच्या ओळीत कोंबलं, तर ती ज्या आणखी आज्ज्यांकडे जाते त्यांनी कुठे जायचं? कोणीच कोणाच्या पोटात मावत नाही. म्हणून मधे तिसरं टेबल. त्यात माणसं नाहीतच, नुसत्या जोड्या: हा आणि ती, ही आणि तो. बस्, एवढंच. कॉलेजात मॅडमनी हे फळ्यावर काढलं तेव्हा मागच्या बाकावर पेंगणारा ब्रेंडन ताठ होऊन बसला होता. गावठाणात वाढलेला पोरगा तो. तिथे एकच माणूस कोणाचा काका, कोणाचा धर्मबाप, कोणाचा बँडमधला जोडीदार आणि कोणाशी विहिरीच्या वाटेवरून कोर्टात भांडणारा. हे सगळं कुठे आणि कसं मांडायचं, हे जगात कोणीतरी आधीच शांतपणे बसून सोडवून ठेवलंय, या विचाराने त्याला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता! पुढे नोकरीत ओआरएम नावाचा दुभाष्या भेटला आणि तो आनंद दुप्पट झाला. प्रोग्राम लिहिणाऱ्याने टेबलांचा विचारही करायचा नाही. त्याने माणसासारखं बोलायचं: हे काका, हे त्यांचे सोबती, यातला सौरभ काढ. खाली टेबलांत काय हलवायचं, कुठली ओळ पुसायची, ते मधला हा दुभाष्या बघून घेतो. इतकी सोय कोणी आपल्यासाठी करून ठेवावी आणि नावही न सांगता निघून जावं, याचं ब्रेंडनला अजूनही कौतुक वाटायचं.

पण आज त्या दुभाष्याने काय केलं होतं? ब्रेंडनने लॉग, म्हणजे प्रोग्रामने काय काय केलं त्याची नोंद, उघडला आणि वाचता वाचता त्याचे ओठ आपोआप हलायला लागले. सौरभची एक ओळ काढायची, तर पठ्ठ्याने काकांच्या नावावरच्या सगळ्या ओळी पुसल्या होत्या आणि सौरभ सोडून बाकीच्या पुन्हा लिहिल्या होत्या. कारण सोबत्यांची नुसती साधी यादी ठेवली होती, आणि मधल्या ओळींना स्वतःची अशी ओळखच नव्हती. कुठली ओळ कोणती, हे त्या बिचाऱ्याला सांगताच येईना. म्हणून सगळ्यांना उठवायचं आणि नको तो सोडून बाकीच्यांना परत बसवायचं. इतके दिवस हे कोणाला कळलं नाही, कारण जोड्या परत त्याच यायच्या. पण गेल्या वर्षी चेतनाने हट्ट धरून मधल्या टेबलात एक रकाना घालून घेतला: सोबत कशी. गंधाली पेपर वाचते, आधी निधनवार्ता, मग बाकीचं. मीरा डोळ्यांत थेंब घालते आणि गप्प बसते, काकांना ते गप्प बसणं आवडतं. चैतन्य कॅरम खेळतो, त्याने हरायचं. त्यानंतर कोणाला काढायची ही पहिलीच वेळ, आणि हा रकाना दुभाष्याच्या गावीही नव्हता. त्याने अगदी इमानदारीत माणसं परत जोडली, आणि माणसांच्या मधे जे होतं ते सांडून टाकलं. ब्रेंडन त्या कोऱ्या चौकोनांकडे बघत राहिला. क्लिफर्डच्या दफनानंतर घरी आल्यावर असंच झालं होतं. सगळे होते. पप्पांच्या फोटोखाली मम्मी, दाराशी ट्रिशा, मोरीपाशी तो. नावं तीच, माणसं तीच, आणि कोणी कोणाशी काय बोलायचं ते कोणालाच आठवेना.

"काय रे, तोंडात काय कारलं धरलंयस?" शेजारच्या खुर्चीवरून रुचिरा म्हणाली. रुचिरा कांजूरमार्गची, आजोबा मालवणहून गिरणीत आलेले, आणि हिची जीभ मात्र कुठल्याच गिरणीत गुळगुळीत झाली नव्हती. त्याने तिला लॉग दाखवला. ती वाचत गेली आणि मधेच खदखदून हसली. "खुळो मेलो! एकासाठी पंगतच्या पंगत उठवली?"

"कालच्या बॅकअपमधून आणतो परत."

"आण ना. आणि उद्या चेतना आणखी कोणाला काढेल, तेव्हा परत आण. जन्मभर हेच कर." तिने खुर्ची ओढली. "सरक. अरे, तुम्ही लोकांनी काकांना क्लास दिलात, गंधालीला क्लास दिलात. दोघांच्या मधे जे आहे त्याला काय दिलंत? काही नाही. ते म्हणजे नुसती पिन, दोन कागद टोचायला. आता पिनेवर लिहायला गेलात, तर राहील का ते?" आणि बोलता बोलता तिची बोटं चालायला लागली. तिने मधल्या टेबलासाठी वेगळा क्लास, म्हणजे स्वतंत्र साचा, काढला. नाव दिलं: सोबत. त्याला स्वतःचा नंबर, स्वतःची सुरुवातीची तारीख, 'सोबत कशी' हा रकानाही त्याच्याच मालकीचा. काकांकडे आता सोबत्यांची यादी नाही, सोबतींची. गंधालीकडेही तसंच. एक सोबत काढली तर तेवढीच जाणार, शेजारणीला धक्का नाही. किती साधं! ब्रेंडन तिच्या बोटांकडे बघत होता आणि त्याला आतून भरून येत होतं. अर्ध्या तासापूर्वी जी गोष्ट दोन माणसांच्या मधली रिकामी जागा होती, तिला या बाईने उचलून माणसांच्या रांगेत नेऊन उभं केलं, आणि तेही पायात चप्पलसुद्धा न घालता, मांडी घालून, वेफर खात.

"आणि समज, सोबतीच वारला तर?" त्याने विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला जरा वेगळा वाटला.

"तर वारला म्हणून लिही. सोबत कशाला पुसायची? होती ती होती."

"नाही, म्हणजे... ज्याने दोघांची ओळख करून दिली, तोच गेला तर? मधला?"

रुचिराने मान वर केली. "मधला कोण रे आता? टोकं दोनच आहेत. ओळख कोणी करून दिली ते आपण लिहितच नाही." आणि ती पुन्हा कामाला लागली. तिला बिचारीला काय माहीत, आपण काय बोलून गेलो. ब्रेंडनच्या डोक्यात मात्र आत्तापर्यंत एक चित्र पक्कं बसलेलं होतं: मम्मी, तिच्यापासून क्लिफर्डला एक रेघ, क्लिफर्डपासून ट्रिशाला एक रेघ. क्लिफर्ड गेला, दोन्ही रेघा लोंबत राहिल्या. म्हणून तर तीन वर्षं तो दर रविवारी जेवताना घाबरायचा. आज नाही तर उद्या या दोघींच्या लक्षात येणार, की आपण एकमेकींच्या कोणी नाही. पण त्याला आता एप्रिल आठवला. गच्चीवर चटईवर मिरच्या वाळत घातलेल्या, वर्षभराचा बाटली मसाला करून ठेवायचे दिवस, खाली चुलीवर धणे भाजले जातायत आणि आख्खं घर शिंकतंय. ट्रिशा नवी नवी लग्न होऊन आलेली. तिने माहुलच्या पद्धतीने मसाल्यात काहीतरी जास्तीचं घातलं आणि मम्मीने कढई उचलून तिच्यासमोर आदळली. "हा मसाला माझ्या सासूचा!" "मग मी पण तुमचीच सून ना? पुढच्या वर्षी हा माझ्या सासूचा होईल!" ट्रिशाही काही कमी नव्हती. क्लिफर्ड तेव्हा कुठे होता? क्रिकेट खेळायला गेला होता. दोघी दिवसभर भांडल्या, संध्याकाळी एका बशीत दोघींनी चहा ओतून प्याला, आणि त्या वर्षी बाटल्या दोन तऱ्हेच्या भरल्या गेल्या. ते भांडण क्लिफर्डकडून आलेलं नव्हतं, तो चहाही नव्हता. आणि दफनाच्या दुसऱ्या दिवशी मम्मी भिंतीकडे तोंड करून बसली होती, तेव्हा ट्रिशाने कोणाला न विचारता तिच्या केसांतला गुंता सोडवला होता, एक एक बट हातात धरून, दुखू नये म्हणून. ब्रेंडनने तेव्हा दारातून ते पाहिलं होतं, आणि पाहून तो बाहेर जाऊन रडला होता.

संध्याकाळी त्याने रुचिराला स्कूटरवरून कांजूरमार्गला सोडलं. लिंक रोडवर वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून येत होता, रुचिरा नाकाला ओढणी लावून मागून ओरडत होती, की टेस्ट झकास गेल्या, चेतना खूश आहे, सोमवारी काकांना कोणीतरी हरणारा मिळेल. तिला उतरवल्यावर तो क्षणभर थांबला. थँक यू म्हणावं, का म्हणावं ते सांगावं, असं त्याला फार वाटलं. "काय?" ती म्हणाली. "काही नाही. भारी काम केलंस." "माहितीय मला," ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली. नाहूरला घराची पायरी चढताना त्याने वाक्य तोंडात घोळवलं, तिसऱ्यांदा बदललं, आणि मम्मीसमोर गेल्यावर भलतंच बोलला. ती स्वयंपाकघरात सुके बोंबील निवडत होती. "ट्रिशा म्हणाली, घागर तू घे." झालं, एवढंच.

मम्मीने बोंबलाचं डोकं मोडलं, बाजूला टाकलं. "तिला तोंड नाही?"

"घाबरते ती तुला."

"मला? ती? मला घाबरली असती तर माझा मसाला वाचला असता." तिने आणखी दोन बोंबील मोडले. "विधवा बाईच्या डोक्यावर घागर देतात कधी? आणि ज्याची विधवा ती, त्याच्या आईच्या? माहुलची माणसं काय म्हणतील? एक्सरची काय म्हणतील? त्या पोरीचं आता चांगलं होतंय, त्यात मी जाऊन उभी राहू, आधीचं सगळं सगळ्यांना आठवून द्यायला?" तिचा आवाज चिरका झाला आणि ती उठून हात धुवायला गेली. नळ नको तेवढा सोडला. ब्रेंडनला म्हणायचं होतं, मम्मी, टोकं दोनच असतात. पण हे स्वयंपाकघरात, बोंबलांच्या वासात, आईला कसं सांगणार? तो नुसता म्हणाला, "तिला दुसरं कोणी नको म्हणते." नळ बंद झाला. "उद्या किती वाजता निघायचं ते सांग," मम्मी पाठमोरीच म्हणाली. म्हणजे हो, की नुसतं पाहुणी म्हणून? विचारायचा धीर त्याला झाला नाही. शनिवारी ती रोजची निळी साडी नेसून बाहेर आली, अंगावर एक दागिना नाही, आणि त्याची उरलीसुरली आशा मावळली. पाहुणीच मग.

माहुलला नेहमीचा रिफायनरीचा वास होता, आणि त्यावर आज फुलांचा आणि तळलेल्या वड्यांचा. विहिरीवरची लोखंडी जाळी एका बाजूने उचलून ठेवली होती. बँडवाले क्लॅरिनेट पुसत उभे होते, बायका हिरव्या-लाल लुगड्यांत एकमेकींच्या गजऱ्यांवरून बोलत होत्या, बॅप्टिस्ट खुर्चीवर बसून कोणालाच ऐकू येणार नाही अशा आवाजात सगळ्यांना सूचना देत होता. ट्रिशा मधोमध उभी होती आणि फक्त वाटेकडे बघत होती. मम्मी दिसली तेव्हा ती पुढे आली नाही. जागच्या जागी थांबली. तिची आत्या पितळेची घागर घेऊन तयार होती. भली बाई. तिने बिचारीने सगळ्यांना सोपं पडावं म्हणूनच मोठ्याने म्हटलं, "या, कॉन्सेप्टाबाय. पोरीला आई नाही. आज तिच्या आईच्या जागी तुम्ही." बायका घागरीभोवती सरकल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, बरोबर आहे, आईच्या जागी म्हटलं की झालं. ब्रेंडनलाही वाटलं, सुटलो. आता कोणी काही म्हणणार नाही, क्लिफर्डचं नावही निघणार नाही.

"नाही," मम्मी म्हणाली.

ट्रिशाचा चेहरा पांढरा पडला. आत्याने घागर छातीशी धरली.

"तिच्या आईची जागा तिच्या आईचीच. मी का बसू तिथे? मी हिची आई नाही. उगाच मला आई करू नका." मम्मीने पदर खोचला. "मी हिची सासू."

"अगो, पण सासू तर एक्सरची ना आता?" आत्या गोंधळून म्हणाली.

"ती पण. मी पण. माझा मुलगा गेला, मी कुठे गेले? एका सुनेला दोन सासवा असू नयेत, असं फादरनी कधी सांगितलंय? विचारा जाऊन!" एक बाई फिसकन हसली, मग दुसरी, मग सगळ्याच, आणि बँडवाल्याला वाटलं आपल्याला खूण झाली, त्याने ढोलावर टिपरी टाकली. ब्रेंडन विहिरीच्या कठड्याला धरून उभा होता. दोन दिवस जे त्याला शब्दांत धरता येत नव्हतं, ते त्याची आई निळ्या साडीत, चारचौघांत, भांडणाच्या सुरात बोलून मोकळी झाली होती. त्याला तिचा अभिमान वाटला आणि त्याने तो लपवलाही नाही. मम्मीने आत्याच्या हातातून घागर घेतली, दोरी लावून खाली सोडली, भरून वर ओढली. ट्रिशा अजून तिथेच होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून, खांदे हलत होते.

"रडतेस कशाला गो?" कॉन्सेप्टा तिच्यासमोर मान वाकवून उभी राहिली. "चुंबळ ठेव माझ्या डोक्यावर. नीट ठेव, घागर जड आहे."